आडवी बाटली, उभा पब

पहिला दिवस, गुरुवार

भाचीचं घर लंडनच्या दक्षिणेला, नन्हेड नावाच्या वस्तीत. विमानतळावरून पोचेपर्यंत दुपारचे चार वाजून गेले. बॅगा ठेवल्या, चहा झाला आणि भाची म्हणाली, "मावशी, आत्ता आडवी झालीस तर रात्री दोनला टक्क जागी होशील. चल, पार्कात जाऊन येऊ."

पार्क म्हणजे पेकहॅम राय. एका बाजूला मोठं मोकळं माळरान, त्याला लागून आखीव बाग. जूनचे दिवस, त्यामुळे संध्याकाळचे सात वाजले तरी ऊन उतरलेलं नव्हतं. पोरं चेंडू खेळत होती, एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून पायातला बूट काढून मोजा नीट करत होते, कुणाला कसली घाई नव्हती. आम्ही एक फेरी मारली आणि घराकडं वळलो.

वाटेत, अगदी घरांच्या रांगेतच, एक जुनी इमारत लागली. दारावर पाटी, आतून पिवळा उजेड. "हा आमचा पब. आयव्ही हाउस," भाची म्हणाली. "दोन मिनिटं डोकावू या?"

मी म्हटलं, दमलेय, उद्या बघू. दमले होतेच, पण कारण ते नव्हतं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात देशी दारूचं दुकान होतं, एसटी स्टँडच्या मागं, एका गाळ्यात. पस्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं शाळेत जायची वाट त्या गाळ्यापुढून होती. मजुरीचा वार असला की संध्याकाळी दुकानासमोर दोन-तीन बायका उभ्या असायच्या. आत जायची सोय नाही, घरी जाऊन उपयोग नाही. कडेवर पोर घेऊन रस्त्याच्या पलीकडं नुसत्या उभ्या. नवरा बाहेर आला की उरलेले पैसे मागायचे, एवढ्यासाठी. त्यांतली एक माझी चुलतबहीण होती.

पुढं गावात महिलांचं मतदान घ्यायचं ठरलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावं असं वाटलं तर उभीवर शिक्का, बंद व्हावं असं वाटलं तर आडवीवर. ऐकायला सोपं आहे. पण झालेल्या मतदानातलं बहुमत चालत नाही. यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी आली नाही तिचं मत आपोआप दुकानाला. म्हणून मुंबईला गेलेल्या, माहेरी बाळंतपणाला गेलेल्या, दुसऱ्या गावी भांगलणीला गेलेल्या, एकेकीला निरोप धाडून आणलं. एकीला तिच्या भावानं मोटारसायकलवर बसवून ऐंशी किलोमीटरवरून आणलं होतं. बाटली आडवी झाली. त्या रात्री चावडीसमोर बायकांनी फुगड्या घातल्या, त्यात साठीच्या पुढच्याही होत्या.

तेव्हा पबचं दार बघितल्यावर माझे पाय का थांबले, ते भाचीला वेगळं सांगावं लागलं नाही. ती मुकाट्यानं पुढं चालायला लागली.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी एकटीच पार्कात गेले. भाचीच्या शेजारी एक बाई राहतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्या काठी टेकत फिरायला आल्या होत्या. काल गॅलरीतून ओळख झालेली. त्यांनी मला सगळी बाग दाखवली. एका कोपऱ्यात जपानी बाग आहे, दुसरीकडं वेलींच्या कमानींखाली बाकं टाकलेली. समोरचं माळरान १८६८ साली इथल्या स्थानिक मंडळानं विकत घेतलं, त्यावर घरं उठू नयेत म्हणून. बाग त्यानंतरची, १८९४ ची.

विल्यम ब्लेक हा कवी आणि चित्रकार आठ-दहा वर्षांचा असताना याच माळावर आला होता आणि त्याला एका झाडाच्या फांदीफांदीवर देवदूत बसलेले दिसले, अशी गोष्ट त्याच्या चरित्रात आहे. घरी जाऊन सांगितलं तेव्हा पोरगं खोटं बोलतंय म्हणून बाप मारायला उठला आणि आईनं मध्ये पडून सोडवलं. मला त्या झाडापेक्षा ती आई जास्त लक्षात राहिली. शाळेत असं काहीबाही पाहून आलेली पोरं मला पुष्कळ भेटली. त्यांना ओरडण्याआधी कुणीतरी मध्ये पडायला हवं असतं.

संध्याकाळी भाची म्हणाली, "मावशी, नुसतं बस. काही पिऊ नकोस. नाही आवडलं तर पाच मिनिटांत उठू." मी हो म्हटलं.

आत गेलो आणि भाचीला दवाखान्यातून फोन आला. ती नर्स आहे, फोन घ्यावाच लागतो. ती बाहेर गेली आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणी विचारायला येईना. बारमागची मुलगी सगळ्यांशी हसून बोलत होती, माझ्याकडं तिनं एकदा बघितलं आणि परत कामाला लागली. माझ्या अंगावर साडी, आजूबाजूला सगळे अनोळखी. मनात आलं, आपण इथं नकोसे आहोत. असं काही वाटायला लागलं की माणूस ताठ होतं, तशी मी पाठ सरळ करून बसून राहिले. वीस मिनिटं तरी झाली असतील. शेवटी शेजारच्या टेबलावरची एक तरुण मुलगी वाकून म्हणाली, "इथं टेबलावर कुणी येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचं असतं. तुम्हाला काही आणून देऊ का?"

इतकं साधं होतं ते. पबमध्ये जाऊन बसलेल्या माणसाला कुणी हटकत नाही आणि कुणी आग्रहही करत नाही. हवं असेल तेव्हा उठून जा, मागा, पैसे तिथंच द्या, आपला पेला आपण घेऊन या. टीप ठेवायची पद्धत नाही. काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. कोण कुणाच्या आधी आलं हे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि बारमागच्या माणसानं चुकून पुढच्याला विचारलं तर तोच मागं बोट दाखवून सांगतो, यांचा नंबर आधी.

मी काउंटरवर गेले. सोडा घालून एल्डरफ्लॉवरचं सरबत मागितलं. या दिवसांत इथं रस्त्याकडेला ही पांढरी फुलं झुबक्यांनी लगडलेली असतात, त्याचा अर्क. चव मोगऱ्याच्या पाण्यात लिंबू पिळल्यासारखी. मुलीनं हसून दिलं. दारू न मागितल्याबद्दल तिच्या भुवईचा केसही हलला नाही.

मग तिनं शेजारच्या माणसासाठी बिअर काढली ती मी अगदी समोरून बघितली. काउंटरवर लाकडी मुठींचे उंच दांडे असतात. आपल्या गावचा हापसा असतो ना, तसंच काम. बिअरचं पीप खाली तळघरात, आणि हा दांडा ओढला की ती वर येते. त्या पिपात ती अजून आंबतच असते, बाहेरून गॅस भरलेला नसतो, आणि फ्रीजइतकी गारही नसते, तळघराच्या गारव्याची. मुलीनं पेला तिरपा धरला, दांडा सावकाश, एका दमात खाली ओढला. दंडाची शीर ताणलेली दिसली. पेल्यात आधी सगळं ढगाळ, दुधी तपकिरी. मग तळाकडून स्वच्छ व्हायला लागलं, ओढ्याचं गढूळ पाणी निवळावं तसं, आणि वर बोटभर फेस राहिला. तिनं थांबून परत थोडं ओढलं, भरती केली. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, ते माप कायद्यानं ठरलेलं आहे. गिऱ्हाइकाला माप पुरं वाटलं नाही तर तो पेला पुढं सरकवतो आणि भर घालून मिळते. अशी पिपातली बिअर नाहीशी होत चालली म्हणून १९७१ साली इथल्या पिणाऱ्यांनी संघटना काढली आणि ती टिकवली. पिणाऱ्यांची चळवळ! मी आयुष्यभर दुसऱ्या बाजूच्या चळवळीतली बाई, पण चळवळ टिकवायला काय लागतं ते मला कळतं.

भाची परत आली तेव्हा मी शेजारच्या मुलीशी बोलत होते. तिनं सांगितलं, फार पूर्वीची गोष्ट नाही, बायकांना सगळीकडं असं काउंटरपाशी उभं राहता यायचं नाही. फ्लीट स्ट्रीटवरच्या एका नावाजलेल्या वाइन बारमध्ये बायकांनी मागच्या खोलीत टेबलावरच बसायचं असा नियम होता, आणि दोघींनी दावा लावून तो १९८२ साली अपिलात मोडून काढला. १९८२! मी तेव्हा कॉलेजात होते.

तिसरा दिवस, शनिवार

आज बाजार. राय लेनवर आफ्रिकन लोकांची दुकानं एकाला एक लागून, रताळ्यासारखे पण हाताएवढे सुरण, केळी, सुकी मासळी, भेंडीसुद्धा. केस विंचरून वेण्या घालायची दुकानं गच्च भरलेली. दुपारी नन्हेडची दफनभूमी बघितली, १८४० ची, आता निम्मं रानच झालंय. झाडांच्या एका फटीतून लांबवर सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसतो. ती फट मुद्दाम राखली आहे.

संध्याकाळी पाऊस. घरी पिठलं-भात केला.

चौथा दिवस, रविवार

आजच्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

रविवारी दुपारी पबमध्ये जेवायला जायची इथं रीत आहे. भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, गाजरं, वर दाट रस्सा, आणि यॉर्कशायर पुडिंग. पुडिंग म्हणतात पण गोड नाही, फुगून वाटीसारखी झालेली खारी पुरी म्हणा. मांस नको असेल त्याला सुक्यामेव्याचा भाजलेला वडीसारखा तुकडा मिळतो, मी तो घेतला. आम्ही पाच जण होतो, भाची, जावई, त्यांची मुलगी, मी आणि शेजारच्या बाई. आजूबाजूच्या टेबलांवर आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळी घरंच्या घरं. टेबलाखाली दोन कुत्री निजलेली. एक माणूस एकटाच बसून वर्तमानपत्र वाचत होता, मध्येच उठून बाहेर गेला, तेव्हा त्यानं पेल्यावर पुठ्ठ्याची चकती झाकून ठेवली. म्हणजे मी परत येणार आहे, उचलू नका.

इमारत १९३० च्या दशकातली, ट्रुमन या जुन्या मद्य कंपनीनं बांधलेली. भिंतींना छातीच्या वरपर्यंत काळसर लाकडी तक्ते. मागं मोठा दिवाणखाना, त्यात पडदे लावलेलं रंगपीठ. सत्तरच्या दशकात हाच पब न्यूलँड्स टॅव्हर्न नावानं ओळखला जायचा आणि त्या रंगपीठावर नंतर नावारूपाला आलेले बरेच वादक वाजवून गेले.

जेवण झाल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक आहे का, तुम्ही माझ्या पबमध्ये जेवलात?" मला वाटलं, आपुलकीनं म्हणतायत. त्या म्हणाल्या, "नाही, खरंच. माझा यात शेअर आहे."

२०१२ च्या एप्रिलमध्ये मालक कंपनीनं हा पब बंद केला. चालवणाऱ्यांना जेमतेम काही दिवसांची मुदत मिळाली. इमारत विकायची, तिथं फ्लॅट उठणार, हे सगळ्यांना दिसत होतं. गल्लीतल्या लोकांनी पहिलं काम केलं ते वारसा खात्याकडं धाव घेऊन इमारतीला संरक्षित दर्जा मिळवायचं. म्हणजे निदान पाडता येणार नाही. तेवढ्यात नवा कायदा लागू झाला होता, २०११ चा, स्थानिकांच्या हक्कांचा. एखादी जागा वस्तीच्या उपयोगाची आहे असं लोकांनी दाखवून दिलं आणि पालिकेनं तशी नोंद केली, तर मालक ती विकायला काढतो तेव्हा लोकांना पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. तोवर विक्री थांबते. देशात या कायद्याखाली नोंद झालेला पहिला पब हाच, आणि लोकांनी विकत घेतलेलाही पहिला हाच. किंमत ८ लाख १० हजार पौंड. काही कर्ज, काही अनुदान, आणि शेअर विकून ३७१ जणांनी मिळून १ लाख ४२ हजारांच्या वर जमवले. २०१३ च्या मार्चमध्ये खरेदी झाली आणि ऑगस्टमध्ये दार उघडलं.

"आणि सभासदांचं कसं?" मी विचारलं. "ज्यानं जास्त पैसे घातले त्याचं जास्त चालतं?"

"नाही. एका माणसाला एक मत. शेअर कितीही असोत."

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, बाई, ही तर सहकारी संस्था! आमच्याकडं दुधाची असते, उसाची असते, पतसंस्था असते. प्रवरानगरला शेतकऱ्यांनी कारखाना काढला तो असाच शेअर गोळा करून. माझे वडील कारखान्याचे सभासद होते, त्यांचा शेअरचा दाखला काचेत घालून देवघराशेजारी लावलेला होता. शेजारच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "माझाही काचेतच आहे. न्हाणीघरात लावलाय, रोज दिसावा म्हणून." वार्षिक सभा होते, हिशेब मांडतात, भांडणंही होतात. अगदी आपल्यासारखं.

नंतर त्या आवरायला लागल्या तरी मी तशीच बसले होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आम्ही गल्ली-गल्लीतून बायका गोळा केल्या त्या एक दार बंद करायला. यांनी गल्ली-गल्लीतून माणसं गोळा केली ती एक दार उघडं ठेवायला. निरोप धाडणं तेच, याद्या करणं तेच, कोण येणार नाही याची धाकधूक तीच. आणि दोन्ही ठिकाणी माणसं पेटली ती आपल्या घरासाठी, आपल्या रस्त्यासाठी. मला त्यात विरोध दिसेना. पण काहीतरी टोचत होतं आणि ते काय, ते रविवारी कळलं नाही.

पाचवा दिवस, सोमवार

भाची कामावर. शेजारच्या बाई म्हणाल्या, टेकडी चढाल का? वन ट्री हिल, इथून चालत जाण्यासारखी. त्या काठी टेकत, मी चपलांतून, थांबत थांबत चढलो. वर ओकचं एक झाड कठड्यात राखलंय. राणी एलिझाबेथ पहिली १६०२ मध्ये इथं सावलीला बसली होती अशी आख्यायिका आहे, म्हणून भागाचं नाव ऑनर ओक. झाड अर्थात नंतर लावलेलं.

ही टेकडी एका गोल्फ क्लबनं १८९६ मध्ये कुंपण घालून बंद केली होती. पिढ्यान्‌पिढ्या लोक इथं फिरायला येत होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या एका रविवारी १५ हजारांच्या आसपास लोक जमले आणि कुंपण मोडून वर चढले. मग दगडफेक, पोलीस, अटका. बाकीचं काम मंडळींनी कागदोपत्री चिकाटीनं केलं आणि १९०५ साली टेकडी सगळ्यांसाठी खुली झाली. पब वाचवणाऱ्यांतल्या कित्येकांना ही गोष्ट लहानपणापासून माहीत होती, असं बाई म्हणाल्या. म्हणजे या वस्तीला सवयच आहे.

उतरल्यावर त्यांच्या घरी चहा घेतला. बैठकीत एक जुनं छापचित्र होतं, हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराचं, १७५१ चं. लंडनमधली एक गल्ली, जिन पिऊन बरबाद झालेली. मधोमध पायऱ्यांवर एक बाई बसलेली, तिला शुद्ध नाही, आणि तिच्या मांडीवरचं पोर कठड्यावरून खाली पडतंय. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. आमच्या स्टँडमागच्या रस्त्यावरच्या बायकांच्या कडेवर पोरं होती. या चित्रातल्या गल्लीत बाईच पडलेली आहे. त्याच वर्षी इथं जिनवर निर्बंध घालणारा कायदा झाला. या चित्राचं जोडचित्र बिअरच्या गल्लीचं आहे, तिथं सगळे गुटगुटीत आणि सुखी. ते मला पटत नाही. बिअरनंही घरं बुडतात.

मी बाईंना सरळ विचारलं. "तुम्ही पब वाचवलात, चांगलं केलंत. पण जास्त पिणाऱ्यांचं काय?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, माझा भाऊ दारूनं गेला. पण पबमध्ये नाही. पबमध्ये त्याला चढलेली दिसली की पुढं द्यायचे नाहीत. झिंगलेल्या माणसाला दारू विकणं इथं गुन्हा आहे. तो घरी एकटा प्यायचा, सुपरमार्केटातून स्वस्तात आणून. गेला तेव्हा तीन दिवसांनी कळलं. पबात येणारा असता तर संध्याकाळीच कुणीतरी म्हणालं असतं, आज आला नाही, बघून येऊ.

हे सगळं खरं मानलं तरी माझं मत बदललं नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं. आमच्या गाळ्यात कुणी कुणाला आवरत नव्हतं. ते दुकान बंद झालं तेच बरं झालं, उद्या पुन्हा मतदान लागलं तर पुन्हा आडवीवरच शिक्का मारीन. त्या म्हणाल्या, "मारायलाच हवा." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या जागी आता काय आहे?"

काही नाही. शटर ओढलेलं आहे. पायरीवर शेळ्या बसतात.

मी हे त्यांना सांगितलं आणि माझ्याच आवाजानं मला कळलं, काल काय टोचत होतं. आम्ही दार बंद केलं आणि घरी गेलो. त्या संध्याकाळी माणसांनी कुठं बसायचं, हा प्रश्न आमच्यापैकी एकीनंही विचारला नाही. गडीमाणसांना निदान मारुतीच्या देवळापुढचा पार आहे. बायकांना? फुगड्या घातल्या ती चावडी दुसऱ्या दिवशी परत गड्यांची झाली. गावात बाई घराबाहेर बसलेली दिसते ती दळणाच्या रांगेत, रेशनच्या रांगेत, नाहीतर दवाखान्यात. काही काम नसताना, नुसती बसलेली, कधीच नाही. मी पस्तीस वर्षं नोकरी केली, पण गावात कुणाच्या घरी न जाता अर्धा तास बसावं अशी जागा मला कधी मिळाली नाही.

सहावा दिवस, मंगळवार

सकाळी रेल्वेनं शहराच्या उत्तरेला. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. आंबेडकर इथं राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घर विकत घेतलं. आत गेल्यावर मी चप्पल काढून उभी राहिले. 'सार्वजनिक' हा शब्द आपण सहज वापरतो. पण मुंबई कायदे मंडळानं १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव केला, महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं म्हणून जाहीर केलं, आणि तरी त्या तळ्यावर पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला. कागदावर सार्वजनिक आणि खरोखर सार्वजनिक यांत किती अंतर असतं, ते याच माणसानं आपल्याला दाखवून दिलं. पब म्हणजे 'पब्लिक हाउस', सार्वजनिक घर. आणि अशा जागांतही काही ठिकाणी बायकांना काउंटरपाशी जायला १९८२ उजाडलं.

बाहेर टेकडीवर बसून डबा खाल्ला, तिथून सगळं लंडन दिसतं. पण माझं लक्ष नव्हतं.

शेवटची संध्याकाळ म्हणून पुन्हा आयव्ही हाउसला गेलो. आज मीच काउंटरवर गेले, माझ्या आधीच्या दोघांना आधी मागू दिलं, आणि सगळ्यांचं आणलं. जावयाला अर्धा पाइंट, भाचीला आणि मला सरबत, शेजारच्या बाईंना त्यांची नेहमीची काळी बिअर, पोर्टर. कोपऱ्यात चार बायका विणत बसल्या होत्या, बोलत होत्या, गप्प होत होत्या. दोघींच्या पुढं बिअर, एकीपुढं चहाचा कप. चहासुद्धा मिळतो हे मला सहाव्या दिवशी कळलं. मी त्या चहाच्या कपाकडं पुन्हा पुन्हा बघत होते.

बऱ्याच उशिरा बारमागच्या मुलीनं पितळी घंटा वाजवली. लास्ट ऑर्डर्स. ज्याला हवं त्यानं आता शेवटचं मागून घ्यावं. नंतर पेला संपवायला वेळ देतात, कुणाला हाकलत नाहीत. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी शेजारच्या बाईंची काठी आणून दिली. आम्ही त्यांना दारापर्यंत सोडलं.

घरी आल्यावर झोप येईना. गावाकडं पहाट झाली असणार. मैत्रिणीला फोन लावला, आमच्या मतदानाच्या वेळी वाड्या-वस्त्यांवर माझ्याबरोबर फिरलेली. गाई-म्हशींचं आवरत होती. मी तिला विचारलं, स्टँडमागचा गाळा अजून रिकामाच आहे ना?

"आहे की. मालक म्हणतो, भाडं द्या आणि वापरा. कुणाला हवाय? का गं?"

मी तिला सांगितलं. दोन बाकडी, चार खुर्च्या, एक चहाची शेगडी, वर्तमानपत्र. संध्याकाळी पाच ते आठ. बायकांनी यावं, गड्यांनीही यावं, कुणी कुणाला उठ म्हणायचं नाही. शेअर काढायचे, एका माणसाला एक मत. ती ऐकत होती, मागं म्हैस हंबरली. मग म्हणाली, "शेअर कितीचा ठेवायचा?"

"तू सांग."

"शंभरचा ठेव. म्हणजे कुणी नवऱ्याला विचारत बसणार नाही. आणि तू यायच्या आत मी शटरची किल्ली मागून ठेवते. आत काय घाण झाली असंल, ते आधी बघू."